बांधावरची बोर आणि जांभळाची बी



संक्रांत नुकतीच झाली आहे. अजून कुणाच्या सुगडात बोरं शिल्लक असतील, कुणाच्या घरी नातवंडाचं बोरन्हाण रथसप्तमीच्या आत उरकायची घाई असेल. म्हणून आजच्या गप्पांसाठी मी बोराचाच विषय घेतला. मागच्या वेळी एका श्रोत्या मैत्रिणीनं विचारलं होतं, की हल्ली सगळीकडे ‘बेरी खा, बेरी खा’ असं सांगतात, आणि त्या डबीत मिळणाऱ्या निळ्या फळांची किंमत ऐकून तर भूकच जाते. मग आमच्यासारख्यांनी काय खायचं? प्रश्न आरोग्याचा आहे. उत्तर मात्र मी इतिहासातून देणार आहे, कारण माझा विषय तोच.

पहिली अडचण शब्दाची. ‘बेरी’ला मराठीत एक शब्द नाही, आणि तो नाही यात काही बिघडलेलं नाही. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं द्राक्ष, टोमॅटो, वांगं आणि केळं ही खरी बेरी. आणि स्ट्रॉबेरी मात्र बेरी नाही! बोर, आवळा ही आठळीची फळं. पण बाजारात आणि बोलण्यात हातात मावणारं, आंबटगोड, झुडपावरून किंवा झाडावरून तोडून तसंच तोंडात टाकायचं ते बेरी, असाच अर्थ घेतात. त्या अर्थानं आपल्याकडे बोर आहे, जांभूळ आहे, करवंद आहे, तुती आहे. आवळ्यालाही इंग्रजांनी गूजबेरीच म्हटलं. आपण प्रत्येकीला वेगळं नाव दिलं, कारण प्रत्येकीचा महिना वेगळा, जागा वेगळी आणि उपयोगही वेगळा.

आता किती मागे जायचं? मी तुम्हाला तीन हजार वर्षं मागे नेते. पुणे जिल्ह्यात शिरूरजवळ, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे १९६८ पासून डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी, म्हणजे सांकलिया, अन्सारी आणि ढवळीकर यांनी, कितीतरी वर्षं उत्खनन केलं. ख्रिस्तपूर्व १६०० ते ७०० या काळात तिथे शेतकऱ्यांची वस्ती होती. चुली सापडल्या, रांजण सापडले, धान्याच्या कणगीचे ओटे सापडले. आणि जळून कोळसा झालेल्या दाण्यांमध्ये जव, गहू, मसूर, कुळीथ यांच्याबरोबर बोराच्या आठळ्याही सापडल्या. आठळी टणक, म्हणून ती टिकली. पालेभाजी टिकत नाही, करवंदाची कोवळी बी टिकणं कठीण. जमिनीनं आपल्यासाठी जे राखलं त्यात बोर राहिलं, ते त्याच्या कठीणपणामुळे.

इनामगावच्या शेवटच्या टप्प्यात, ख्रिस्तपूर्व १००० नंतर, पाऊस कमी होत गेला असावा असं अभ्यासक मानतात. मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. शेती आटली, गोळा करून आणणं आणि शिकार वाढली. तिथे लहान मुलांना घराच्या जमिनीखालीच, दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत पुरत असत. त्या लेकरांच्या दुधाच्या दातांचा पुढे अभ्यास झाला, आणि दातांवरचं आवरण नीट न बनल्याच्या खुणा त्यात दिसल्या. दुधाचे दात आईच्या पोटात असतानाच बनू लागतात. म्हणजे त्या खुणा लेकराच्या तशा त्याच्या आईच्या पोषणाच्याही. इतिहासाच्या पुस्तकात राजांच्या सनावळ्या असतात. तिथल्या कुठल्याशा आईला सातव्या महिन्यात काय खायला मिळालं होतं, ते मात्र दातावर लिहिलेलं राहिलं.

जुन्या ग्रंथांतही बोर आहे, आणि एक नाही तर तीन. यजुर्वेदाच्या परंपरेतल्या ग्रंथांत कुवल, कर्कंधू आणि बदर अशी बोराची तीन नावं येतात. ज्या लोकांना एकाच फळाच्या तीन जाती वेगळ्या करून सांगाव्याशा वाटतात, ते लोक ते फळ रोज बघत असणार. आयुर्वेदात तर बोर हे माप झालं. ‘कोल’ म्हणजे बोर, आणि कोल हेच वजनाचं नाव. दोन कोल म्हणजे एक कर्ष. आपण जसं ‘सुपारीएवढं लोणी’ म्हणतो, तसंच हे. चरकसंहितेतल्या च्यवनप्राशाच्या कृतीत आवळे मात्र मोजून पाचशे घ्यायला सांगितले आहेत. मैत्रिणींनो, पाचशे आवळे शिजवून, चाळणीवर घासून, तुपातेलात परतायला किती हात लागत असतील याचा अंदाज तुम्हाला येईल. ग्रंथात त्या हातांची नोंद नाही.

आपल्या भागातली पहिली ठळक नोंद मला मिळते ती इब्न बतूताची. हा मोरोक्कोचा प्रवासी १३४२ साली दिल्लीहून चीनला जायला निघाला आणि वाटेत दौलताबादला थांबला. तो लिहितो, की दौलताबादेत द्राक्षं आणि डाळिंबं होतात आणि वर्षातून दोनदा फळतात. आणि त्याच्याच जोडीला तो इथून मिळणाऱ्या मोठ्या वसुलाचीही गोष्ट सांगतो. हिंदुस्थानातल्या फळांची यादी देताना त्यानं जांभळाचंही वर्णन केलं आहे: मोठं झाड, काळं फळ, ऑलिव्हसारखी एक आठळी. बघा, जांभूळ हे त्याच्या यादीत ‘या देशात मिळणारं एक फळ’ आहे, आणि द्राक्ष-डाळिंब ही ‘दौलताबादची फळं’ आहेत. फरक बागेचा आहे. बागेला भिंत असते, माळी असतो, पाणी असतं आणि तिच्यावर वसुली लागते. ज्याच्यावर कर लागतो ते फळ कागदावर येतं. बांधावरच्या बोरीवर कुणी कर लावला नाही, म्हणून दप्तरात ती फारशी नाही. तिचा हिशेब पोरांच्या खिशात आणि बायकांच्या ओट्यात.

आपल्या शहराचं मलिक अंबरच्या आधीचं नाव खडकी. नावावरूनच जमीन कळते. जिथे नांगर टेकत नाही तिथे बोर खुशाल उगवते. तिचं सोटमूळ खोल जातं, उन्हाळ्यात ती पानं झाडून टाकते आणि पाऊस पडला की पुन्हा फुटते. श्रावण-भाद्रपदात बारीक फुलं, मार्गशीर्ष-पौषात फळ. म्हणजे खरिपाचं पीक घरात येऊन गेलं, अशा वेळी ती पिकते. महाराष्ट्रात बोरगाव, बोरी, बोरखेडी नावाची गावं मोजायला बसलात तर एका हाताची बोटं पुरणार नाहीत.

कागदावर ही झाडं आली ती दुष्काळामुळे. १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ झाला, तेव्हा लोक रानातलं काय काय खाऊन जगले हे इंग्रज सरकारला जाणून घ्यायचं होतं. १८८६ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पंचविसावा खंड निघाला, तो वनस्पतींवर. लिहिणारे होते डॉ. जे. सी. लिस्बोआ, मूळचे गोव्याचे, मुंबईत डॉक्टरकी करणारे. त्यांनी दुष्काळात खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींची वेगळी नोंद केली. पुढे १८९९-१९०० चा दुष्काळ आला आणि पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातले जी. ए. गॅमी यांनी १९०२ मध्ये याच विषयावर एक टिपणवजा पुस्तिका छापली. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. त्यामुळे ही पुस्तकं कायद्यानं आपल्या जिल्ह्याची नाहीत. पण दुष्काळाला इलाख्याची हद्द कळत नाही. गोदावरीच्या अलीकडे आणि पलीकडे माणसं सारख्याच झाडांखाली वाकत होती.

इथे एक गोष्ट सांगायचा मोह मला आवरत नाही. डॉ. लिस्बोआंच्या पत्नीही वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्या होत्या. सुगंधी गवतांवर त्यांनी १८८९ च्या सुमारास मुंबईच्या निसर्ग इतिहास मंडळाच्या पत्रिकेत लेख लिहिले, एका गवताला शास्त्रीय नाव दिलं, आणि ते नाव त्यांच्या आडनावासह आजही ग्रंथांत आहे. लेखाखाली मात्र सही ‘मिसेस जे. सी. लिस्बोआ’. नवऱ्याचं नाव लावून का होईना, त्या काळात एक बाई गवताची पाती भिंगाखाली धरून बसली होती, हे मला फार आवडतं.

दुष्काळ म्हटला की मराठवाड्यात बहात्तरचाच आठवतो. परभणीचं कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ ला स्थापन झालं आणि त्याच वर्षी पावसानं पाठ फिरवली. दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसं मे १९७३ मध्ये राज्यभरात पन्नास लाखांच्या घरात गेली होती, आणि त्यात बायका मोठ्या संख्येनं होत्या. रेशनला परदेशी तांबडा मिलो आला, कामावर सुकडी वाटली गेली. आज सत्तरी ओलांडलेल्या बायकांना त्या मिलोच्या भाकरीची चव विचारा. तोंड वाकडं होईल आणि मग गोष्टींचा झरा सुरू होईल. सुकडीनं पोट भरलं, जीव वाचला, हे अगदी खरं. पण सुकडीत आणि मिलोत एक गोष्ट नव्हती, ती म्हणजे ताजं फळ किंवा ताजी भाजी. ती नसेल तर काय होतं, हे त्याच्या तीसेक वर्षं आधी पंजाबात दिसून आलं होतं.

१९३९-४० च्या सुमारास हिसार जिल्ह्यात, आता तो हरियाणात आहे, भीषण दुष्काळ होता. धान्य कसंबसं पोहोचलं, पण हिरवं काही नव्हतं. लोकांच्या हिरड्या सुजल्या, रक्त येऊ लागलं, पायांत ताकद राहिना. हा स्कर्व्ही रोग. शेकडो वर्षं लांबच्या प्रवासातल्या खलाशांना मारणारा. त्यावर हिसारला आवळा वापरला गेला आणि तो लागू पडला. तोवर क जीवनसत्त्वाचा शोध लागलेला होता. तमिळनाडूतल्या कुन्नूरला सरकारची आहार संशोधनशाळा होती. तिथे ॲक्रॉइड आणि त्यांचे सहकारी भारतातल्या एकेका खाद्यपदार्थाचं पृथक्करण करून कोष्टकं बनवत होते. हीच संस्था १९५८ साली हैदराबादला आली, आणि पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली.

त्यांच्या कोष्टकातले आकडे मी आज मुद्दाम लिहून आणलेत. शंभर ग्रॅममध्ये क जीवनसत्त्व किती? संत्र्यात ३० मिलिग्रॅम. बोरात ७६. पेरूत २१२. आणि आवळ्यात ६००. जांभळात फक्त १८, बरं का. जांभळाची थोरवी वेगळी आहे, तिच्याकडे येते. प्रौढ बाईला दिवसाला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व हवं असं आता ही संस्था सांगते. म्हणजे ओंजळभर बोरं खाल्ली की दिवसाची बेगमी जवळजवळ झाली. अर्थात जात, पिकणं, झाडावरून उतरून किती दिवस झाले, यावर आकडा वरखाली होतो.

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्या जेवणात बाजरी आहे, ज्वारी आहे, डाळ आहे. यांत लोह चांगलं असतं. तरी २०१९ ते २१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा ४८ होता. निम्म्याहून जास्त, मैत्रिणींनो. हा कार्यक्रम ऐकणाऱ्या दोघी शेजारणींपैकी एक. याची कारणं पुष्कळ आहेत: लवकर लग्न, लागोपाठ बाळंतपणं, जंत, सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाणं. पण एक कारण ताटातच आहे. धान्याच्या कोंड्यात फायटेट नावाचा पदार्थ असतो, तो लोहाला धरून ठेवतो. शरीराला ते नीट उचलता येत नाही. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असलं, तर लोह उचलायला मदत होते. आणि जेवल्या जेवल्या चहा घेतला तर उलट होतं, चहा लोह अडवतो.

म्हणजे बोर कधी खायचं, याला महत्त्व आहे. भाकरीबरोबर किंवा लगेच नंतर. शेतात दुपारी भाकर सोडली, पिठलं-चटणी खाल्ली आणि उठता उठता बांधावरच्या बोरीची चार बोरं तोंडात टाकली, ही आपल्या आजीची सवय होती. तिला फायटेट माहीत नव्हतं. तिला तोंडाची चव बदलायची होती. मी उगाच ‘आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ असं म्हणणाऱ्यांतली नाही. पण सवय चांगली होती, आणि ती बांधाबरोबर गेली, हे मात्र खरं. आता त्या वेळी हातात चहाचा कप असतो.

रक्त फारच कमी असेल, पोटुशी असाल, तर मात्र नुसत्या बोरावर भागत नाही. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या घ्यायच्याच. गोळी लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्या, आवळ्याची फोड चघळा, पण गोळी चुकवू नका. बाळंतिणीच्या आणि गरोदर बायकांच्या रक्ताचा अभ्यास जगात जिथे नीट सुरू झाला, त्यात मुंबईचं नाव येतं. १९२८ पासून डॉ. लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर बाई मुंबईत गिरणी कामगार गरोदर बायकांमध्ये हे काम करत होत्या. त्यांच्या कामातूनच पुढे फॉलिक ॲसिडचा शोध लागला. आज तुमच्या त्या लाल गोळीत लोहाबरोबर फॉलिक ॲसिड असतं, ते त्या कामाचं फळ.

सणांकडे बघा. तुळशीच्या लग्नाआधी बोर, आवळा, चिंच खायची नाही अशी आपल्याकडे रीत. कार्तिकात आवळीखाली भोजन. संक्रांतीला सुगडात बोर, हरभऱ्याचे घाटे, उसाची कांडी, गाजर. लेकरांना बोरन्हाण. वटपौर्णिमेच्या ताटात आंब्याशेजारी जांभूळ, करवंद. दप्तरात जी फळं नाहीत ती बायकांच्या व्रतांत आहेत. तुळशीच्या लग्नाआधी तोडायचं नाही, यामुळे कच्चं फळ झाडावर राहत असणार, हे तर उघडच आहे. बोरन्हाणाची आता गोष्ट वेगळी झाली: हलव्याचे दागिने, छायाचित्रकार, आणि बोरांऐवजी चॉकलेटं. चॉकलेटाला माझा विरोध नाही, पण डोक्यावरून पडणारी बोरं गोळा करायला जी झुंबड उडते, ती गोळ्यांना उडत नाही. लहान पोरांना मात्र बोर आठळी काढून द्या, घशात अडकते.

आता जांभूळ. यात मला जरा सावकाश बोलायचं आहे.

मधुमेह आणि जांभळाची बी, ही जोडी तुम्ही सगळ्यांनी ऐकलेली आहे. ती नुसती आजीबाईच्या बटव्यातली नाही, तिनं जगाचा प्रवास केलेला आहे. १८८० च्या दशकात जांभळाची बी युरोपातल्या डॉक्टरांपर्यंत पोहोचली. मुंबईत सरकारी औषधभांडार सांभाळणारे विल्यम डायमॉक यांनी वॉर्डन आणि हूपर यांच्याबरोबर ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा ग्रंथ १८९० पासून छापला, त्यात तिची माहिती आहे. जर्मनीत कुत्र्यांवर तिचे प्रयोग झाले. युरोपातल्या औषधांच्या दुकानांत जांभूळ-बीची पूड आणि अर्क विकला जाऊ लागला. तेव्हा मधुमेहावर खात्रीचं औषधच नव्हतं, हे लक्षात घ्या. लहान मुलाला मधुमेह झाला तर आईबापांनी दिवस मोजायचे, एवढंच हातात होतं. बुडत्याला काडीचा आधार. ती काडी आपल्या जांभळाची होती.

मग कॅनडात टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी १९२१ मध्ये इन्सुलिन वेगळं केलं. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला ते टोचलं, आणि मरणाच्या दारातला तो मुलगा सावरला. युरोपातल्या दुकानांतून जांभूळ हळूहळू मागे पडलं. आपल्याकडे ते राहिलं. प्रयोगशाळांत अजूनही काम चालू आहे. उंदरांवरच्या काही प्रयोगांत बियांच्या अर्कानं साखर उतरलेली दिसते. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. ब्राझीलमध्ये जांभूळ परदेशातून जाऊन रुजलं आणि तिथेही लोक मधुमेहावर त्याच्या पानांचा चहा पिऊ लागले. तिथल्या डॉक्टरांनी तो रुग्णांना देऊन पाहिला. एका गटाला नेहमीची गोळी, एकाला जांभळाचा चहा. गोळीवाल्यांची साखर उतरली, चहावाल्यांची नाही. हा अभ्यास २००६ साली छापून आला. तो पानांचा होता, बियांचा नव्हे, हेही सांगायला हवं. पण नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन सोडून देऊन त्याजागी जांभूळ-बीची पूड चालते, असं माणसांवरच्या भरवशाच्या अभ्यासानं आजवर दाखवलेलं नाही.

हे मी एवढं ताणून का सांगते? आमच्याच गल्लीतल्या एका बाईंनी बाजारातून पुडी आणली आणि गोळ्या बंद केल्या. पुडीवाल्यानं सांगितलं होतं, तीन महिने धीर धरा. त्यांनी धरला. चौथ्या महिन्यात पायाला साधी ठेच लागली, ती जखम भरेना. पायाचं एक बोट गेलं. स्वभावानं चोख बाई, घरचा पैसा वाचवायला निघाल्या होत्या. गोळ्यांना महिन्याला पैसे पडतात, आणि आपल्या औषधाचा खर्च बाईला नेहमीच वायफळ वाटतो. पुडीवाल्याला हे बरोबर कळतं.

जांभूळ फळ म्हणून खा की! शंभर ग्रॅम जांभळात साधारण १४ ग्रॅम कर्बोदकं असतात. आंब्याच्या दिवसांत मधुमेही माणसानं आंब्याची दुसरी फोड घेण्याऐवजी वाटीभर जांभळं घेतली, तर शहाणपणाच आहे. ज्या बाईंना साखरेच्या गोळ्या चालू आहेत आणि ज्यांना बीची पूडही घ्यायची आहे, त्यांनी ती डॉक्टरांना सांगून घ्यावी, लपवून नाही.

जांभूळ खाल्ल्यावर जीभ जांभळी होते ना, तो रंगच सध्या जगभर कौतुकाचा विषय आहे. त्याला अँथोसायनिन म्हणतात. त्या महागड्या निळ्या डबीतल्या ब्लूबेरीतही याच कुळातला रंग असतो. अमेरिकेत ९३,६०० परिचारिकांच्या आहाराची १८ वर्षं नोंद ठेवली गेली. ज्या बायका आठवड्यातून तीनपेक्षा जास्त वेळा स्ट्रॉबेरी किंवा ब्लूबेरी खात, त्यांच्यात हृदयविकाराच्या झटक्याचं प्रमाण क्वचित खाणाऱ्यांपेक्षा जवळजवळ एक तृतीयांश कमी दिसलं. २०१३ साली हे प्रसिद्ध झालं. अशा पाहणीतून ‘बेरीमुळेच’ झालं असं सिद्ध होत नाही. ज्या बायका फळं खातात त्या इतरही काळजी घेत असतील. आपल्या जांभळावर एवढ्या बायकांची एवढी लांब पाहणी झालेलीच नाही. झाली असती तर काय निघालं असतं, त्याची उत्सुकता मला फार आहे.

आणि ही ब्लूबेरी तरी कालपरवापर्यंत काय होती? रानातलंच झुडूप. न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ व्हाइट या शेतकरी घरातल्या बाईंनी १९११ च्या पुढे आसपासच्या रानात फिरणाऱ्या लोकांना सांगितलं, की तुम्हाला जिथे सगळ्यांत मोठं फळ दिसेल ते झुडूप मला दाखवा, मी पैसे देते. फळ मोजायला त्या माप देत. वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांच्याबरोबर त्यांनी त्या झुडपांचा संकर केला आणि १९१६ साली पहिलं लागवडीचं पीक बाजारात विकलं. एका बाईनं रानातल्या फळाला शेतात आणलं ते असं.

आपल्या बोरीचंही थोडंफार झालं. जळगावच्या मेहरूणची बोरं आधीपासून नावाजलेली. १९९० पासून राज्य सरकारनं रोजगार हमीशी जोडून फळबागेची योजना आणली, आणि कोरडवाहू जमिनीत बोर, आवळा, सीताफळ लावायला अनुदान मिळू लागलं. बहात्तरच्या दुष्काळातून रोजगार हमी उभी राहिली, आणि रोजगार हमीतून बोरीची बाग. उमराण, कडाका या जातींचे डोळे गावठी बोरीवर भरले गेले. मग गेल्या दहा-पंधरा वर्षांत ॲपल बोर आलं: सफरचंदाएवढं, हिरवं, कुरकुरीत आणि चवीला पाणचट. हे माझं मत. माझ्या भाच्याला तेच आवडतं. त्याला भाव मिळतो, वाहतुकीत टिकतं, शेतकऱ्याला परवडतं, त्यामुळे त्याला नावं ठेवायचा अधिकार मला नाही. गावठी बोर मात्र बाजारातून उठलं. शाळेच्या फाटकाबाहेर बसणारी बोरकूटवाली म्हातारीही आता क्वचित दिसते. आणि बांध? जमिनीच्या वाटण्या झाल्या, बांध अरुंद झाले, यंत्रानं कोरले गेले, सावली पडते म्हणून बोरी तुटल्या. बोर बांधावर होती तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्या कुणालाही ती झोडपता येत होती. बागेत गेली तेव्हा ती मालकाची झाली, आणि ते रास्तच आहे. पण ज्या बाईला शेत नाही, जी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते, तिच्या दुपारच्या भाकरीशेजारची ओंजळभर फळं त्या बदलात गेली. ती आता विकत घ्यायची, आणि विकत आणलेलं फळ आधी पोरांच्या हातात जातं.

तेव्हा सुगडातली गावठी बोरं खाऊन झाली असतील तर आठळ्या फेकू नका. धुऊन सावलीत वाळवा. मार्च-एप्रिलमध्ये आठळी हलक्या हातानं फोडा, आतली चपटी बी सांभाळून काढा आणि पिशवीत पेरा. फोडलेली बी आठवड्याभरात उगवते. न फोडता पेरलीत तर तीन-चार आठवडे वाट बघावी लागते. रोप पावसाळ्यात जागेवर लावा: शाळेच्या कुंपणाला, अंगणवाडीच्या मागे, गावठाणाच्या कडेला, जिथे कुणाच्या पिकावर सावली पडणार नाही तिथे. बोरीला काटे असतात, त्यामुळे पायवाटेपासून चार हात आत. पहिलं वर्ष शेळी लागणार नाही एवढं बघा. पुढचं तिचं ती बघते. डोळा कसा भरायचा हे मी पुढच्या महिन्यात आपल्याकडे येणाऱ्या कृषी सहायक ताईंना विचारणार आहे. तुमचेही प्रश्न असतील तर कळवा.